पडतं घ्या!

बर्फावर पडणं हा माझा धंदा आहे. आइस शोमध्ये देखण्या जोड्या गिरक्या घेऊन गेल्या, की मी आणि माझा जोडीदार मोडक्या छत्र्या घेऊन येतो आणि सातआठ वेळा आपटतो. लोक पोट धरून हसतात. (असं पडण्याआधी सरळ उभं राहायला शिकावं लागतं, हे घरी कुणाला पटत नाही.)

घरी म्हणजे बायकोला. स्केट्सना धार लावताना तिच्या नव्या जेवणाच्या टेबलावर हातभर ओरखडा उठला. मी म्हणालो, "टेबलच कच्चं आहे." ती भावाकडे निघून गेली. एकवीस दिवस मी त्या ओरखड्यासमोर एकटा जेवतोय. घर खायला उठतं, आणि मी केलेला स्वयंपाक मला खाववत नाही.

शेवटी जोडीदाराला मध्यस्थीला पाठवलं. पठ्ठ्या सगळ्यांच्या नकला करतो, मीसुद्धा त्यातून सुटलेलो नाही. त्याने निरोप आणला तोही तिच्याच आवाजात, "एकदा तरी पडतं घ्या म्हणावं!"

"एवढंच?" मी म्हणालो. "पडण्यात आपला हात कोण धरणार?"

मी लगेच तिला दुपारच्या शोचा पास पाठवला, पहिल्या रांगेतला.

ती आली. तिला पाहून मी असा वेग घेतला, की थांबणं माझ्या हातात (म्हणजे पायात) राहिलं नाही. कठड्यावरून उलटा झालो आणि थेट तिच्या पायाशी लोळण! सगळा हॉल खिदळत होता. ती एकटीच हसत नव्हती.

"लागलं का हो?" तिने वाकून विचारलं.

"छे!" (कंबर ठणकत होती.)

"आणि टेबलाचं काय?"

एवढं पडलो होतो, आणखी एक वाक्य जड नव्हतं. पण सवय वाईट. "टेबलच कच्चं होतं गं."

ती उठून गेली. टाळ्या मात्र थांबेनात.

घरी आलो आणि खांद्यावरच्या स्केट्सही न उतरवता टेबलाशी बसलो. ओरखड्यावरून बोट फिरवलं. मला ती हवी होती, बस्स. फोन लावला.

"टेबल चांगलं होतं. चूक माझीच. घरी ये."

पलीकडे ती खुदकन हसली.

"भावोजी, यांच्या फोनवरून करताय होय? आवाज अगदी हुबेहूब काढलात," ती म्हणाली. "पण वाक्य चुकलं. हे असं सात जन्मांत बोलायचे नाहीत."

आणि तिने फोन ठेवला.