सोमनुकचे दाट केस

सकाळी साडेसहाला रम्पाईने फळांच्या दुकानाचे लोखंडी दार हातभर उचलले, माकडांना भिववण्यासाठी उंबऱ्यावर कापडी मगर ठेवली, गिलोल खिळ्याला अडकवली आणि ती नवऱ्याच्या, सोमनुकच्या, केसांच्या टोपाला खोबरेल चोळू लागली. टोपातले केस तिचेच होते. कमरेपर्यंतची वेणी तीन वर्षांपूर्वी तिने कापून दिली होती. टोप डोक्यावर चढल्यापासून सोमनुक थायलंडमधल्या साऱ्या लोपबुरी शहराला सांगत सुटला होता, "मनात पाप नसलं की केस गळत नाहीत."

आज पडक्या देवळासमोर बाजार समितीचा अध्यक्ष निवडायचा होता.

"टोपी घालून जा हो," रम्पाई म्हणाली. "तिथं उघडं डोकं कुणी नेत नाही."

"मग केस दिसायचे कसे?"

"माकडांना दिसतील त्याचं काय? केस उपटून दात कोरतात मेली."

"उपटू देत. मुळं घट्ट आहेत आपली."

ज्याच्या मुळांची ही ग्वाही होती, त्या टोपाला तिने नवी चिकटपट्टी लावली.

सभेत सोमनुकने स्वच्छतेवर भाषण केले. "या माकडांनी बाजाराचा उकिरडा केलाय. मी अध्यक्ष झालो, तर–"

विजेच्या तारेवरून एक म्हातारी माकडीण त्याच्या खांद्यावर उतरली आणि डोक्यावरून अध्यक्षपदाचा सगळा भरवसा उचलून देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. तिने एक केस उपटला, दोन्ही हातांत ताणला आणि दातांच्या फटीत करवतीसारखा चालवला. समोर पिल्लू होते म्हणून पुन्हा एकदा, सावकाश, शिकवणीला बसवल्यासारखे करून दाखवले. बघता बघता सारी टोळी जमली.

"काका, मुळं घट्ट होती ना?" मासळीवाली नोमने विचारले.

"असू दे गं," मागून कुणीतरी म्हणाले. "स्वच्छतेला सुरुवात तर झाली."

सोमनुकला दोन मते पडली. त्यातले एक रम्पाईचे होते.

तो थेट तिच्यापाशी आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "पट्टी नीट लावता येत नाही? एवढं एक काम होतं तुला." मग त्याची नजर तिच्या खांद्यापर्यंत वाढलेल्या केसांवर स्थिरावली, कापणीला आलेल्या भाताकडे बघावे तशी. "ठीक आहे. दुसरा होईल एवढे आहेत."

 रम्पाई पायरीकडे बघत होती. दात साफ झाल्यावर म्हातारी माकडीण दुसरीपुढे आडवी झाली. दुसरीने तिची लव विंचरून उवा वेचल्या. थोड्या वेळाने म्हातारी उठली, दुसरी आडवी झाली. तीस वर्षांच्या संसारात अशी पाळी कधी बदलल्याचे रम्पाईला आठवेना.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तिने दार हातभर उचलले, मगर ठेवली, गिलोल अडकवली. मग पेरू कापायची सुरी बाजूला सारून कात्री घेतली आणि कानाखालचे सगळे केस उतरवले. ते वर्तमानपत्रात नीट गुंडाळून देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवले. माकडे आली आणि त्या केसांनी दात कोरू लागली. उघड्या डोक्याने उभ्या असलेल्या तिच्याकडे एकानेही पाहिले नाही.

परतताना तिने एक टोपी विकत घेतली. नवऱ्याच्या मापाची.