माल की सेवा?

करिष्मा सकाळीच दुकानाची पाटी आणायला नांदुऱ्याला निघाली आणि जाताना सासूसासऱ्यांना बजावून गेली, "जीएसटीवाले साहेब येतीन आज. मी येऊस्तोर त्यायले चहा पाजा. बोलू मात्र काईच नका." वडनेर भोलजीत कुणाला गप्प बसायला सांगणे ही मुळातच चूक होती.

करिष्मा ब्लाउजच्या कटिंगचे नमुने काढून इंटरनेटवरच्या बाजारात विकायची. गिऱ्हाइकाने पैसे भरले की नमुना त्याच्या मोबाइलवर उतरायचा आणि मग तो छापून कुठला तरी टेलर त्यावरून कापड कापायचा. बीटी कपाशीतही बोंडअळी शिरल्यापासून घरातला किराणा याच दुकानावर येत होता. आता त्या बाजाराने तिला कळवले होते की जीएसटीचा नंबर घ्या, नाहीतर दुकान बंद. तो नंबर द्यायचा की नाही, हे साहेब जागा पाहून ठरवणार होते.

सासरे निवृत्ती यांना एवढेच समजले होते की साहेब माल पाहायला येणार आणि घरात माल नाही.

"सून ब्लाउज इकते, अन् दाखवाले घरात एक ब्लाउज नाई! साहेब काय म्हनन?"

"माहे हायेत ना चार," सासू तानुबाई म्हणाल्या.

"चार ब्लाउजाचं दुकान असते का वं?"

तानुबाईंना ते पटले. त्या गल्लीत फिरल्या आणि प्रत्येक घरातले ब्लाउज मागून आणून त्यांनी खाटेवर ढीग लावला. त्यातल्या काहींना डांबरगोळ्यांचा वास येत होता.

साहेब आले. त्यांनी अर्ज वाचला, खाट पाहिली, पुन्हा अर्ज वाचला.

"अर्जात डिजिटल लिहिलंय. हे तर कापड आहे."

"डिजिटलच हाय," निवृत्ती म्हणाले. "हात लावून पाहा."

साहेबांनी हात लावला. "वापरलेले दिसतात."

"धुतलेले हायेत!" तानुबाईंना फार लागले.

"म्हणजे जुन्या मालाचा व्यापार," असे म्हणत साहेब लिहू लागले, तोच शेजारच्या जनकाबाई आत आल्या. "माहे तीन दे वं तानुबाई, लग्नाले जाऊन राह्यली मी," म्हणत त्यांनी ढिगातून आपले ब्लाउज उपसले आणि गेल्याही.

"अहो, विक्री झाली आणि पैसे घेतले नाहीत?"

"इक्री कायची साहेब! थे तिचेच होते."

साहेबांनी कपाळ चोळले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "कळलं! लोकांचं कापड घेऊन तुम्ही शिवून देता. म्हणजे हा मालच नाही. ही सेवा आहे!"

सेवा म्हटल्याबरोबर तानुबाईंचे हात आपोआप जोडले गेले. "सेवा करिष्मा शेगावले करते. दर महिन्याले जाते."

"शेगावला? म्हणजे धंद्याची दुसरी जागा! अर्जात का नाही लिहिली?"

"धंदा काऊन म्हनता? सेवेचे कोनी पैसे घेते का?"

"मग काय घेते?"

"महाप्रसाद."

साहेबांचा धीर सुटला. "जुना माल, तोही दुसऱ्याचा. सेवा फुकट आणि मोबदला जेवणात. आजोबा, हा अर्ज मला नामंजूर करावा लागेल."

तेवढ्यात पाटी काखेत घेऊन करिष्मा दारात उभी राहिली. शेवटचे वाक्य तिने ऐकले होते, आणि खाटेकडे पाहून उरलेलेही तिला समजले. तिला रडूच येऊ लागले.

"साहेब, ह्यातलं काईच माहं नाई. माहा माल मोबाइलमंदी हाय." तिने नमुना उघडून दाखवला.

"हे तर चित्र आहे."

"चित्रच इकते मी."

साहेबांनी ते चित्र बोटांनी मोठे करून पाहिले. "पण मला पाहणीला मालाचा फोटो जोडावा लागतो."

"मंग घ्या."

साहेबांनी आपला मोबाइल काढला आणि चारही कोपरे येतील असा नमुन्याचा नीट फोटो घेतला. निवृत्ती ताडकन उठले.

"ओ साहेब! माल घेतला की तुमी!"

"फोटो घेतला."

"फोटो म्हंजेच माल ना? आता तुमी छापसान, बाईसाहेबायचं ब्लाउज शिवसान. अन् पैसे?"

"मामाजी, चुप बसा ना," करिष्मा कळवळून म्हणाली. पण साहेबांनाही ते पटले होते. फोटो खोडावा तर पाहणी अर्धवट राहते, ठेवावा तर सरकारी माणूस फुकट माल घेऊन जातो. बुलढाण्याच्या ऑफिसात हे कळले तर आणखी निराळेच. अखेर त्यांनी तिथेच बसून इंटरनेटवर करिष्माचे दुकान शोधले आणि तो नमुना रीतसर विकत घेतला. करिष्माच्या मोबाइलवर लगेच टिंग वाजले.

"आता मला पक्कं बिल द्या," साहेब घाम पुसत म्हणाले. "कर लावून. उद्या कुणी काही म्हणायला नको."

"देते ना साहेब," करिष्मा म्हणाली. "पयले मले नंबर द्या."

साहेबांनी तिच्याकडे पाहिले, निवृत्तींकडे पाहिले आणि मुकाट्याने मंजुरीची शिफारस लिहायला घेतली.