शिंपीणबाईंचा खोकला

आजच्या मोफत वर्गातून दहा जणांनी फीच्या वर्गासाठी नावं नोंदवली नाहीत, तर सोमवारपासून सासऱ्यांच्या दुकानात खिळे विकायचे, असं कॉम्प्युटरमास्तर घरी कबूल करून बसले होते. आणि हौसेनं विषय कोणता घेतला, तर जीएएन! म्हणजे कॉम्प्युटरमधलं एक नेटवर्क खोटी चित्रं बनवतं, दुसरं ती पकडतं आणि या झटापटीत दोघंही तरबेज होतात. अर्धा तास घसा कोरडा केला, तरी समोरची मंडळी ढिम्म. मागच्या बाकावर निवृत्त कंडक्टरकाका तेवढे खोकत होते.

मास्तरांना एकदम सुचलं.

"काका, तुम्ही या पडद्यामागे बसून खरं खोका. शिंपीणबाई, तुम्ही शेजारी बसून खोटं. बाकीच्यांनी ओळखायचं!"

बाई खोकल्या.

"खोटा!" वर्ग ओरडला. "नुसता घशातून आलाय!"

"पुन्हा!" मास्तर म्हणाले. "बाई म्हणजे बनवणारं नेटवर्क, तुम्ही सगळे पकडणारं. चूक कळली की सुधारायची."

"खोटा! शेवटी धाप कुठंय?"

बाई इरेला पेटल्या. त्या सुधारत गेल्या, तसे वर्गाचे कानही तिखट होत गेले. विसाव्या फेरीला सगळी इमारत दणाणली आणि खालच्या मजल्यावरचे डॉक्टर तोंडाला रुमाल बांधून धावत वर आले.

"साथ आलीय आणि तुम्ही वर्ग भरवताय? मालकांना सांगून टाळंच लावतो!"

मास्तर हात जोडत पुढे धावले. "अहो डॉक्टरसाहेब, यातला एकच खोकला खरा आहे हो!"

"ते मी ठरवीन. खोका दोघंही!" डॉक्टर दारातूनच म्हणाले. जवळ यायची त्यांची छाती नव्हती.

दोघं पडदा सारून बाहेर आले आणि खोकले.

"हे गृहस्थ ठणठणीत आहेत, उगाच नाटक करतायत. बाई, तुमचं मात्र लक्षण ठीक नाही." त्यांनी खिशातली औषधाची बाटली बाईंच्या दिशेनं सरकवली.

मग चष्मेवाल्या आजी टाळी वाजवून उठल्या. "अगंबाई, पकडणाराच फसला! म्हणजे बनवणारं नेटवर्क तयार झालं की हो, मास्तर! आत्ता कळलं!"

फॉर्मसाठी झुंबड उडाली. मास्तरांनी फॉर्म मोजले. नऊच भरले. त्यांना डोळ्यांसमोर खिळे दिसू लागले.

तोवर आजींनी डॉक्टरांना सगळा प्रकार समजावून सांगितला होता. ते कानापर्यंत लाल झाले.

"द्या इकडे एक फॉर्म," ते गुरगुरले. "पण मी पकडणाऱ्यांत बसणार. आणि बाई, ती बाटली काकांना द्या!"

काकांनी ती केव्हाच उघडली होती.