त्याले लेवाले कोन गया?

परवा साता समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी देशाच्या खेळाडूने पेनल्टी किक गोलच्या आडव्या दांड्यावर मारली आणि इकडे जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या फळीवरची लोणच्याची बरणी फुटली. या दोन घटनांच्या मधे फक्त भिला नाना होते. आमची आणि त्यांची भिंत एकच. तिच्या पलीकडे त्यांचा टीव्ही, अलीकडे आमची फळी. चेंडू दांड्यावर आपटला, नाना ओरडले, भिंत हलली, बरणी गेली. नव्या कैरीचं लोणचं होतं. मी ते अजून विसरलेलो नाही.

नानांचा आवाज हा काही साधा आवाज नव्हे. बत्तीस वर्षं ते एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर बसून कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती लेट आहे आणि का लेट आहे, ते गावाला सांगायचे. त्यातली निदान दहा वर्षं माइक बिघडलेला होता आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. नानांनी स्टँडवर 'चोपडा' पुकारलं की खुद्द चोपड्यात माणसं पिशव्या घेऊन उठायची, अशी वदंता आहे. वदंता मीच पसरवली, पण म्हणून ती खोटी ठरत नाही.

निवृत्तीनंतर एवढा आवाज ठेवायचा कुठे, हा प्रश्न होता. तो फुटबॉलने सोडवला.

आता खानदेशात फुटबॉल कोण बघतो? नानाही बघत नाहीत. आदल्या दिवशीची मॅच सकाळी नऊला पुन्हा दाखवतात, ती लावतात आणि नव्वद मिनिटं मेथी निवडतात. गोल झाला तरी मान वर करत नाहीत. बरोबरी झाली, पेनल्टी शूटआउट लागलं की मेथी बाजूला. मग एकेक जण चेंडू ठेवतो, मारतो, जाळ्यात जातो; नाना गप्प. आणि एखाद्याचा हुकला, की जळगावचं पंचेचाळीस डिग्रीचं ऊन नानांच्या डोळ्यांत उतरतं.

"बठ्ठा हरामखोर शेत!" म्हणजे, सगळेच हरामखोर आहेत.

घरात नाना आणि अक्का दोघंच. मुलगी उज्ज्वला, म्हणजे उजू, धुळ्याला असते. अक्का महिन्यातून एकदा कळण्याचं पीठ आणि पापड घेऊन तिला भेटून येतात. नाना जात नाहीत आणि ती येत नाही. सात वर्षं झाली. याबद्दल कॉलनीत कोणी विचारत नाही, कारण बरण्या सगळ्यांकडे आहेत.

तर त्या परवाच्या बरणीनंतर मी तावातावाने नानांच्या दारात गेलो. म्हटलं, "नाना, त्या माणसाने पेनल्टी घालवली, त्यात माझ्या लोणच्याचा काय दोष? तो कोण तुमचा? त्याचं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"नाव कशाला पाहिजे?" नाना माझ्यावरच भडकले. "तू बघितलं का काय झालं ते?"

"बघितलं. हुकली."

"हुकली ते सगळं जग बघतं रे! त्याच्या पुढचं बघ!" त्यांनी रिमोट असा दाबला की तो बिचारा करकरला. पडद्यावर तो लांब केसांचा खेळाडू डोक्यावर हात घेऊन मैदानाच्या मधल्या रेषेकडे परत निघाला होता. त्या रेषेवर त्याचे साथीदार एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीने उभे. मधलं सगळं मैदान रिकामं. एवढ्या मोठ्या हिरव्या मैदानात तो एकटा चालतोय, खाली बघत. संपतच नाही ते चालणं.

नाना संतापले की शहरी मराठी सोडतात आणि थेट साक्रीकडच्या आपल्या गावात जातात. "चुकना ना तो? चुकना! मानूस शे, चुकस! पन तठून आठे लगून एकलाच चाली ऱ्हायना. आन् ह्या बठ्ठा खांदावर हात टाकीसन उभा! पाय मोडनात का त्यास्ना? त्याले लेवाले कोन गया? सांग माले, त्याले लेवाले कोन गया?"

मी थक्क झालो. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की म्हातारा हुकवणाऱ्यांवर चिडतो. राग हुकवणाऱ्यावर नव्हताच. जे घ्यायला गेले नाहीत त्यांच्यावर होता.

मग त्यांनी मला वही दाखवली. स्टँडवरच्या गाड्यांच्या नोंदीसारखी, हाताने आखलेली. सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, पावलं, आणि शेवटचा रकाना 'सोबत'. देशाचं नाव नाही, खेळाडूचं नाही, कप कुणी जिंकला त्याचाही पत्ता नाही. 'निळा शर्ट, टक्कल. अठ्ठेचाळीस पावलं. सोबत कोणी नाही.' 'पांढरा शर्ट, पोरगेला. बावन्न पावलं, दोनदा थांबला. सोबत कोणी नाही.' पानंच्या पानं तशीच. पोरगेल्याच्या पुढे लाल शाईने एक शिवी होती, ती त्याच्या दहा साथीदारांना आणि वर त्यांच्या कोचला.

मी बरणीचं विसरून घरी आलो. बायको म्हणाली, "काय झालं? भांडलात का नाही?" मी म्हटलं, "जगातले सगळे फुटबॉलर हरामखोर आहेत." ती म्हणाली, "तुम्हाला पण लागलं का ते!"

चैत्र संपत आला होता. आखाजीला आठ-दहा दिवस राहिलेले. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण त्यांनी आपलं आपण यायचं नसतं. बाप नाहीतर भाऊ घ्यायला जातो. त्याला मूळ जाणं म्हणतात. लेक पायवाटेने एकटी येताना दिसली तर गाव बापाला विचारतं. नानांच्या पडवीत झोक्याच्या दोन कड्या आहेत. अक्का दर आखाजीला त्यांना तेल देतात. झोका बांधत नाहीत.

गच्चीवर कुरडया घालताना अक्कांनीच मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी फक्त कावळे हाकलत होतो.

"अरुणभाऊ, त्यांना त्या फुटबॉलवाल्यांचा राग नाही हो," त्या म्हणाल्या. "उजूला साक्रीला दिलेली. तिथं राहण्यासारखं नव्हतं. तीन वर्षं काढली पोरीनं. मग एक दिवस स्टँडवर केबिनमध्ये फोन केला, की नाना, मी कायमची येते, मला घ्यायला या. हे म्हणाले, मला ड्यूटी आहे, बाराच्या गाडीने ये. ती आली. फलाटावर उतरली, निळी बॅग घेऊन. यांची केबिन समोरच, पंधरा-वीस पावलांवर. डायव्हर, कंडक्टर, पानवाला, सगळे ओळखीचे. सगळे बघायला लागले, की भिला कंट्रोलरची लेक नांदणं सोडून आली. ती काचेकडे बघत उभी राहिली. आणि हे..."

अक्कांनी साच्यात चीक दाबून भरला.

"हे उठले नाहीत. माइक ओढला आणि भुसावळची गाडी पुकारली. ती बॅग या हातातून त्या हातात घेत भर बाराच्या उन्हात चालत घरी आली. आठ दिवस राहिली, एक शब्द बोलली नाही. मग धुळ्याला लॅबमध्ये नोकरी धरली, आणि गेली ती गेलीच."

मला इतका संताप आला की मी कावळ्यांना सोडून कुरडयाच हाकलल्या असत्या. अठ्ठेचाळीस पावलं मोजणारा माणूस! बावन्न पावलांवर लाल शाईने शिव्या देणारा! मी ठरवलं, आता या म्हाताऱ्याला सोडायचं नाही.

संधी दुसऱ्याच दिवशी आली. नऊची मॅच, शूटआउट, शेवटची किक. हिरव्या शर्टाच्या खेळाडूने मारली, समोरच्या गोलकीपरने उजवीकडे झेप घेऊन अडवली. मॅच संपली. मी मुद्दाम नानांच्या शेजारी जाऊन बसलो होतो. नानांनी श्वास घेतला. पलीकडे माझ्या बायकोने बरण्या धरल्या असणार. पण आवाज आलाच नाही.

कारण तो गोलकीपर नाचला नाही. जिंकलेले त्याचे दहा जण त्याच्याकडे धावत येत होते, त्यांना चुकवून तो सरळ त्या हिरव्या शर्टवाल्याकडे गेला. तो गुडघ्यावर बसला होता. याने त्याला काखेत हात घालून उठवलं, आणि तसाच धरून त्याच्या माणसांपर्यंत पोचवून आला.

नानांच्या हातातली पेन्सिल 'सोबत'च्या रकान्यावर थांबली. "दुस्मन उना रे," ते हळू म्हणाले. नानांचं हळू म्हणजे आपलं मोठ्याने. "दुस्मन उना त्याले लेवाले."

"हो," मी म्हटलं, आणि आजपर्यंत कधी नानांपुढे चढवला नाही तो आवाज चढवला. "दुश्मन आला! आणि तुमच्या उजूले लेवाले कोन गया, नाना? पंधरा पावलं होती! तिले लेवाले कोन गया?"

त्यांनी रिमोट फेकला. तो माझ्या कानाजवळून गेला आणि कॅलेंडरला लागला. मग ते ओरडतील म्हणून मी डोळे मिटले. नाना ओरडले नाहीत. मेथीची जुडी उचलून आत गेले.

त्यानंतर तीन दिवस भिंतीपलीकडून एक आवाज नाही. कॉलनी हादरून गेली. नानांच्या आवाजावर घड्याळ लावणाऱ्या लोकांना कामावर जायला उशीर व्हायला लागला. दूधवाला मला म्हणाला, "भाऊ, नाना बरे शेत ना?" आमच्या बायकोने तर फळीवरच्या बरण्यांकडे बघून डोळ्याला पदर लावला.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला फाटक वाजलं. नाना उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, आणि बत्तीस वर्षं शिट्टी अडकवायचे ती दोरी सवयीने गळ्यात, शिट्टीशिवाय.

"चल."

"कुठे?"

"मूळ जायचंय. मला एकट्याला जमणार नाही. तू फार बोललास ना त्या दिवशी? आता चल!"

इथे मला एक कबूल करायला हवं. त्या रिमोटच्या दिवशी संध्याकाळीच मी अक्कांकडून नंबर घेऊन उजूला फोन केला होता. म्हटलं, बहुतेक नाना येतील. ती हसली, चांगलं नव्हे तसं. म्हणाली, "अरुणकाका, येतील तेव्हा खरं. आले तर मी वरच असेन. एक पायरी उतरणार नाही, सांगून ठेवते." हे मी नानांना सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

धुळ्यापर्यंत नाना सगळ्यांवर चिडले. पारोळ्याला गाडी चार मिनिटं जास्त थांबली म्हणून ड्रायव्हरवर, त्याने मान दिला म्हणून पुन्हा त्याच्यावर, माझ्या घोरण्यावर, उन्हावर. देवपुरात रिक्षातून उतरलो. तीन मजली इमारत, उजूचं घर सगळ्यात वर. रिक्षापासून फाटकापर्यंत असतील वीसेक पावलं. नाना तिथेच थबकले.

"चला ना," मी म्हटलं.

"काय बोलू?" सगळ्या खानदेशाला ऐकू जाणारा माणूस मला कानात विचारत होता. "काय बोलू रे तिला?"

"तुम्हाला जे बोलता येतं ते बोला."

नानांनी टोपी सरळ केली. घसा खाकरला. आणि मग देवपुराने जो आवाज ऐकला तो तिथल्या लोकांना जन्मभर पुरेल. समोरच्या दुकानातल्या शेठने हातातला चहा सांडला. तारेवरची कबुतरं शिरपूरच्या दिशेने गेली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे पिंप्राळ्याला जाणारी गाडी... फलाटावर लागलेली आहे!"

तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. उजू गॅलरीत आली. कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. बापासारखीच कपाळावर आठी.

"कंट्रोलर," ती वरून म्हणाली, "गाडी किती लेट शे?"

"सात वरीस."

"कारण?"

आता गॅलऱ्यागॅलऱ्यांत माणसं आली होती. स्टँडवर बघत होती त्याहून जास्त. नानांनी त्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"कंट्रोलरनी चूक!" ते ओरडले. शेवटचं अक्षर फाटलं. "उतरू नको! तू उतरू नको आते. मी येस वर!"

"नाना, तुमना गुडघा..."

"गुडघा गया खड्डामा!"

आणि नाना फाटकातून आत शिरले. मी मागे गेलो नाही. जिन्याच्या तोंडाशी उभा राहून मोजत बसलो. इतक्या वर्षांच्या शेजाराची सवय. नानांची पावलं वर चाललेली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, मधेमधे जिना बांधणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार. पहिला मजला झाला. श्वास ऐकू यायला लागला. दीड मजला.

मग दुसरी पावलं ऐकू आली. वरून. उतरणारी, भराभर, चपलेची.

दुसऱ्या मजल्याजवळ दोन्ही थांबली. मग सगळा जिना दणाणून सोडणारा, चिडलेला, फाटका आवाज खाली आला:

"बॅग दे आठे. दे म्हनस ना!"