हुओ-थू काकांची कचरागाडीवरील मोहीम

स्वस्ति. ताइनान शहरी, मंदिरामागील गल्लीत, वंग हुओ-थू काकांनी कचरागाडी कैसी गाठली, ती हकीकत यथास्थित लिहितो. वाचणारांनी हातची कचऱ्याची पिशवी क्षणभर खाली ठेवून चित्त द्यावे.

त्या मुलखाचा शिरस्ता ऐसा जे, कचरा दारी ठेवो नये. सायंकाळी पिवळी गाडी पियानोची तान वाजवीत येते आणि रयतेने पिशव्या घेऊन खासा धावावे. काकांस ऐकू कमी, परंतु चिंता नव्हती. पत्नी श्यू-ल्वानबाई तान ऐकोन हाक मारीत. मग बाईंस देवाज्ञा जाहली, आणि शेजारीण लो बाई काकांच्या पिशव्या नेऊ लागल्या. काकांस याची बहुत शरम वाटे.

काकांची पुतणी यु-छिए ताइपेइस राहे. घरचे दिवे-पंखे आपसूक चालविणारी एक संगणकप्रणाली, फुकट मिळणारी आणि जिची घडण कोणीही पाहावी, बदलावी ऐसी, तिच्या हौशी कारागिरांत यु-छिएचा मोठा रुतबा. गाडी कुठवर आली हे नगरपालिका इंटरनेटवर कळवितेच. ती गल्लीशी येताच घरातला दिवा लाल व्हावा, ऐसी मसलत ठरली. यु-छिए म्हणाली, "काका, मी येऊन लावून देते." काकांचे फर्मान सुटले: "आणि बिघडलं की? कचऱ्याशेजारी बसून तुझी वाट बघू? मीच लावणार."

काका मोर्चास बसले आणि संगणकाच्या पहिल्याच पडद्याने मार दिला. 'अस्तित्व निवडा' ऐसा त्याचा हुकूम, म्हणजे कोणता दिवा ते सांगा. काकांस वाटले, हे मंदिरात विचारावे लागेल. मग ओळीआधी एक मोकळी जागा सोडावयाची राहिली, इतक्यावरोन सारा मजकूर चुकीचा ठरोन तांबडा जाहला.

यु-छिएने त्या कारागीर मंडळींचा दरबार भरविला आणि पडदा सोपा करावा ऐसा अर्ज केला. पडद्याचा कर्ता सरदार खो जुइ-येन मिशीत हसला. "मला तर कधी अडचण आली नाही."

"तूच लिहिलायस ना तो, शहाण्या!" यु-छिए कडाडली.

मग दरबारी खलबत होऊन बिघाडाचे निराळेच मूळ शोधिले. यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणोन त्या मुलखी यंत्रावर खाऊचे पाकीट ठेवितात, आणि ते हिरवेच, आणि भरलेले, आणि तारीख न उलटलेले. चौकशी करिता कळले, काकांनी खाऊ खाऊन रिकामे पाकीट चिमटा लावोन परत ठेविले होते. "वाया गेला असता," काका म्हणाले. दरबारी आनंदीआनंद जाहला आणि नवे पाकीट रवाना केले. पडदा तांबडा तो तांबडाच.

तेव्हा यु-छिए संतापली आणि सरदार खोस घेऊन ताइनानावर चालोन गेली. ताकीद ऐसी जे, काका करितील ते पाहावे, तोंड उघडो नये. काका चष्मा वर करीत, खाली करीत, आणि दर वेळी पुटपुटत, "माझंच काहीतरी चुकतंय." खोची मान हळूहळू खाली गेली. इतक्यात गल्लीत तान वाजोन गेली, आणि पडद्याच्या नादात कोणासच भान राहिले नाही. खो सपाता घालोन पिशव्यांसह धावला, आणि गाडी वळणाआड गेली, आणि माशाच्या काट्यांचा वास घेऊन सरदार परतले. लो बाई दारातून म्हणाल्या, "एवढी शिकलेली माणसं घरात, आणि गाडी गेली? राहू द्या, उद्या मीच नेते." काकांचे तोंड उतरले.

"काका, तुमचं नाही, माझं चुकलं," खो म्हणाला. आणि मग त्याने आपला पडदा आपल्या हाते पुसला, आणि तेथेच बैसोन नवा रचिला. तो इतकेच विचारी: काय झाल्यावर? काय करायचं? आणि या दिव्याला काय म्हणता? काकांनी कोणास न विचारता सारे भरले.

दुसरे सायंकाळी दिवा लाल जाहला आणि पडद्यावर अक्षरे उमटली: 'श्यू-ल्वान हाक मारते आहे.' यु-छिएस रडू आवरेना. काका मात्र ताडकन उठले. "आलो गं, आलो!" ऐसे ओरडोन पिशव्यांसह सर्वांआधी गल्लीत उभे राहिले, आणि लो बाई आल्या तेव्हा त्यांची पिशवीही काकांनीच हातातून घेतली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. लूट काही मिळाली नाही. नवे हिरवे पाकीट यंत्रावर आहे. आतला खाऊ काकांनी खाल्ला आहे, तरीही दिवा रोज लागतो, हे दफ्तरी नमूद केले असे.