सहा वाट्या आणि एक फ्लॉपी

बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासमधली शिकवण्याची नोकरी जोतीरामने सोडली ती चंद्रासाठी. संकष्टीचा उपास सोडायला त्याच्या गावच्या, लासुर्ण्याच्या बायका कॅलेंडरातली पुण्याची वेळ धरून बसतात, आपल्याकडे चंद्र तीन मिनिटं आधी उगवतो हे त्यांना कुणी सांगत नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटे. वर्षभर खपून त्याने गावोगावचा चंद्रोदय सांगणारा प्रोग्राम लिहिला. सत्त्याण्णव साल होतं. असलं काही विकायचं तर फ्लॉपी डब्यात घालून पुण्याच्या वितरकाकडे द्यायची, दुसरा रस्ता नव्हता.

वितरक बापूसाहेबांनी शंभरातले सत्तर आपले सांगितले. फ्लॉपी, डबा, छपाई, टपाल सगळं जोतीरामकडे. वर डबा हातात तोलून ते म्हणाले, फार हलका लागतो, गिऱ्हाइकाला रिकामा वाटेल, आत काहीतरी घाला.

"वाट्या घाला ष्टीलच्या," जोतीरामची बायको प्रगती म्हणाली. "संक्रांत आलीय. वाण म्हणून तरी घेतील बायका."

"आन् परवडायचं कसं?"

"एकदा नाव झालं की काढून टाकू की."

सहा वाट्या घातल्या. डबा जड झाला, टपाल वाढलं. बापूसाहेबांनी किंमत उतरवायला लावली आणि डबे संक्रांतीच्या प्रदर्शनात मांडले. बाजारात नुसत्या वाट्या त्याहून महाग होत्या. दोनशे डबे तीन दिवसांत संपले, आणि दर डब्यामागे जोतीरामच्याच पदरचे गेले. तरी तो खुशीत होता. दोनशे घरांत आता चंद्र वेळेवर उगवणार, असं सांगत फिरत होता. त्यातल्या किती घरांत कॉम्प्युटर आहे, हे प्रगतीने विचारलं नाही. एवढ्या खुशीत असलेल्या माणसाला असं विचारवत नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या गोजरबाईंकडे बापूसाहेबांचा फोन आला.

"आणखी पाचशे पाठवा, जोतीरामराव. फक्त फ्लॉपी घालू नका. बायका परत आणून देतायत. चुकून आली म्हणतात."

जोतीरामने विचारलं, "आन् तुमचे सत्तर?"

"ते कॉम्प्युटरच्या मालाला. भांड्यांना मी दहाच घेतो."

दुपारी दोघं घरात उरलेल्या डब्यांतून फ्लॉप्या काढत बसली. डब्यामागे आता पहिल्यांदाच चार पैसे सुटणार होते. त्या दिवशी संकष्टी होती.

"अहो, चंद्र कितीला हाय आज?" प्रगतीने विचारलं.

कॉम्प्युटर समोरच होता. जोतीराम उठला, भिंतीवरच्या कॅलेंडरात पुण्याची वेळ पाहिली आणि तीच सांगितली.