दादासाहेब वडाच्या सुताची व तारेची हकीकत

श्री वृक्षदेवता प्रसन्न असो. मूळ, खोड, फांदी, पान यांस वंदन करून, कोणाची भीड न धरता, जे घडले तेवढेच लिहिले आहे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमा, मंदवार, ते दिवशी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव लिहावयाचे प्रयोजन नाही, कारण ते राज्य गच्च्यांवर वसले होते आणि त्याची सरहद्द कठड्यापाशी संपत होती. त्या राज्यात वामनवृक्षांचा अंमल. म्हणजे जे झाड मोकळे सोडले असता अख्ख्या पंगतीस सावली देते, ते ताटाएवढ्या कुंडीत बसवावे, मुळे छाटावी, फांद्यांस तांब्याची तार गुंडाळून हवे तैसे वाकवावे आणि मग मिशा पिकलेल्या जाणत्या पुरुषांनी जन्मभर त्याची चाकरी करावी, ऐसा रिवाज. ऐशा चाकरांस तेथे सरदार म्हणत. सरदारांची सभा होती, सभेस महाराज होते, आणि प्रत्येक बैठकीच्या आरंभी सर्वांनी उभे राहून, छातीवर हात ठेवून शपथ घ्यावी की, "आमचे प्राण जावोत, झाडाचे पान न जावो." शपथ जाहली की चहा येत असे.

या सभेत हैबतराव नेर्लेकर नामे एक सरदार होते. त्यांचेपाशी पाऊण हात उंचीचा वड होता. त्याचे नाव श्रीमंत दादासाहेब. हैबतराव वडास "आपण" म्हणत आणि पत्नी गोदावरीबाई यांस "अगं, ऐकलंस का" म्हणत. पहाटे उठून वडाची पाने ओल्या कापसाने एकेक पुसत, आणि मग उरलेल्या पाण्याने स्वतः तोंड धूत. थोरल्या लेकीकडे नातवाचे बारसे निघाले, तोच दिवस दादासाहेबांची जुनी पाने खुडण्याचा होता, सबब हैबतराव बारशास गेले नाहीत. नातवाचे नाव काय ठेवले हे त्यांस आठ दिवस ठाऊक नव्हते; दादासाहेबांस नवी पाने किती फुटली हे मात्र झोपेतून उठवून विचारिले तरी सांगत, एक्केचाळीस. गोदावरीबाई त्या वडास "कुंडीतले" म्हणत, आणि अधिक काही म्हणत नसत.

येथे एक रीत सांगणे अवश्य. वामनवृक्षास एक दर्शनी बाजू असते. मालकाने झाड त्याच बाजूने पाहावे, दाखवावे, त्याची तसबीर काढावी, आणि मागली बाजू भिंतीकडे असावी. मागे डोकावणे म्हणजे सरदाराच्या माजघरात डोकावणे, ऐसे सभेत समजत. हैबतरावांनी दादासाहेबांची मागली बाजू शेवटची कधी पाहिली होती हे त्यांस स्वतःसही सांगता आले नसते.

त्या पौर्णिमेस तिसरे प्रहरी सभेचा वार्षिक दरबार भरावयाचा होता. तेथे जे झाड सर्वोत्तम ठरेल त्यास पहिला मान, म्हणजे मखमलीचे आसन आणि वर्षभर मालकास सर्वांनी आधी नमस्कार करणे. गेली तीन वर्षे हा मान नागोजीराव टिळेकर यांच्या चिंचेस जात होता. तीन वर्षे हैबतरावांनी नागोजीरावांस आधी नमस्कार केला होता, आणि प्रत्येक नमस्कार त्यांच्या पोटात खड्यासारखा पडून राहिला होता. यंदा मान न मिळाला तर सभेस तोंड दाखवणार नाही, ऐसे त्यांनी दादासाहेबांस बोलून दाखविले होते. सबब ते दिवशी सकाळीच ते दरबारची जागा पाहण्यास, कोणत्या खिडकीतून कैसा उजेड पडतो हे ताडण्यास निघाले, आणि जाताना घरात आज्ञा केली की, "दादासाहेबांना कोणी हात लावायचा नाही." गोदावरीबाई म्हणाल्या, "नाही लावणार हो."

परंतु ती वटपौर्णिमा होती. नदीवरचा जुना वड रस्ता रुंद करण्याकरिता मागल्या थंडीत पाडला होता, आणि सरदारांच्या बायका पूजेची ताटे घेऊन हैबतरावांच्या जिन्यात उभ्या होत्या. नागोजीरावांच्या पत्नी चंद्राबाई म्हणाल्या, "बाजारात फांद्या आल्यात. पण तोडलेल्या फांदीपाशी नवऱ्याचं आयुष्य काय मागायचं? उद्या सुकायची ती." गोदावरीबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "वर चला. आमच्याकडे मुळासकट आहे." मग बायका गच्चीवर गेल्या. वड भिंतीशी होता, फेरे मारण्यास वाट नव्हती, म्हणून चौघींनी पदर खोचून चौरंग कुंडीसकट उचलून मध्यभागी उन्हात मांडिला, आणि पहिले सूत गोदावरीबाईंनी गुंडाळिले, आणि मग सभेतील झाडून सगळ्या सरदारांच्या बायकांनी, महाराजांच्या राणीसाहेबांसकट. तेवीस बायका, प्रत्येकीचे सात फेरे. हळद वाहिली, कुंकू वाहिले, पाणी घातले, आणि वडाच्या जागी सुताची एक जाडजूड गुंडी उभी राहिली, तिच्या शेंड्याला थोडी पाने.

मध्यान्ही हैबतराव परतले. गच्चीच्या दारातूनच ते ओरडले, "अगं, हे काय केलंस? सांगून गेलो होतो ना, हात लावायचा नाही?"

"हात कुणी लावला? सूत लावलं," गोदावरीबाई म्हणाल्या.

हैबतरावांनी कात्री उचलिली. तेव्हा चंद्राबाई आंबा चिरीत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "कापा भावजी, खुशाल कापा. सगळ्यात वरचे सात फेरे आमच्या ह्यांचे आहेत. तेवढं ह्यांना कळवून कापा म्हणजे झालं." आणि बायका हसल्या, आणि हैबतरावांची कात्री खाली आली. मग वेळ उरला नाही म्हणून तो वड तैसाच मांडीवर घेऊन, तीन चाकी वाहनात बसून ते दरबारास गेले, आणि वाटेत पाने माना टाकीत होती, आणि हैबतराव त्यांस पुठ्ठ्याने वारा घालीत होते.

दरबारात एकच हशा जाहला. नागोजीराव ओरडले, "हैबतराव, दादासाहेबांना सर्दी झाली की काय? मफलर छान आहे!" महाराजांनी दंडक वाचून दाखविला की, झाड दरबारात उघड्या अंगाने यावे, अंगावर तार-दोरा असेल तर ते मानास अपात्र, सबब सूत कापावे. हैबतराव म्हणाले, "जशी आज्ञा. वरचे सात फेरे नागोजीरावांच्या आयुष्याचे आहेत. कापतो."

नागोजीरावांचे हसू मिशीतच राहिले. म्हणाले, "म्हणजे? कुणी बांधले?" मग बायका, ज्या दरबार पाहण्यास मागे बसल्या होत्या, त्यांनी आपापली नावे सांगितली, आणि सरदारांस उमगले की आपण सर्व त्या वडास बांधलेले आहो. मग जो गलबला जाहला तो या सभेने पूर्वी पाहिला नव्हता. प्राण जावोत म्हणणारे छातीवर हात ठेवूनच उठले, परंतु शपथेकरिता नव्हे. एक म्हणाला, "माझं नुकतंच ऑपरेशन झालंय हो!" दुसरा म्हणाला, "तसा माझा विश्वास नाही, पण माझे तेवढे राहू द्या." बावीस जणांनी बावीस तऱ्हांनी हेच सांगितले की, आमचा फेरा सोडून बाकीचे कापा. पाने सुकत होती, तिकडे कोणी पाहिले नाही. महाराजही म्हणाले, "सोडवता येतं का बघा. कापण्याची घाई नको." परंतु हळदीकुंकवाने सूत चिकटून गच्च जाहले होते.

हैबतरावांनी आसनाकडे पाहिले. मखमल तांबडी होती, आणि खिडकीतून उजेड त्यांनी सकाळी ताडिला होता तैसाच त्यावर पडला होता. मग त्यांनी कात्री घेतली आणि नागोजीरावांचे सात फेरे कापिले. मग पुढले सात, मग पुढले. कोणी डोळे मिटले, कोणी नाडी धरून बसले, महाराजांनी पाणी मागितले. "दादासाहेबांसाठी करतोय," हैबतराव म्हणत होते, "झाडापुढे माणूस काय?" ऐसे बावीस जणांचे आयुष्य कापून जाहले, आणि सर्वांत आतले सात फेरे उरले, आणि तेथे कात्री थांबली.

"का थांबलात? कापा की!" नागोजीराव गरजले.

"हे आतले आहेत. पानांत झाकले जातात. दिसत नाहीत."

"आमचे बरे दिसत होते!"

"नागोजीराव, ते आमचे आहेत," हैबतराव हळू म्हणाले.

तेव्हा गोदावरीबाई उठल्या, पुढे आल्या, पतीच्या हातून कात्री घेतली आणि आपले सूत आपण कापिले. आतवर हळदीकुंकू पोहोचले नव्हते, सबब हे सूत सैल होते; एका टोकास धरून त्यांनी ते अलगद ओढून काढिले. मग दोन्ही हातांनी कुंडी धरून भर दरबारात फिरविली आणि मागली बाजू पुढे केली. तेथे, शेवाळाखाली, दोन पावसाळ्यांमागे हैबतरावांनीच गुंडाळलेली आणि सोडावयास विसरलेली तांब्याची तार होती. ती सालीत रुतून पार आत गेली होती, आणि वरखाली साल सुजून ओठांसारखी मिटली होती.

"सुतानं नाही आवळलं त्याला," त्या म्हणाल्या. "सात फेरे मारले मी. सातही वेळा दिसली."

हैबतराव वाकून पाहात राहिले. रोज एक्केचाळीस पाने पुसणाऱ्यास ती तार नवी होती. सभेने ठराव केला की वण पडलेल्या झाडास मान नाही; आणि नागोजीराव चिंच घेऊन आसनाकडे चालू लागले, तो चंद्राबाई उठून चिंचेच्या मागे गेल्या. तेथे एक मोडलेली फांदी डिंकाने चिकटवून वर चिंधी बांधलेली आढळली. मग बाकीच्या बायकाही उठल्या आणि ज्या त्या झाडास प्रदक्षिणा घालू लागल्या, आणि सभा घाईने बरखास्त जाहली. यंदा मान कोणासही दिला नाही. पुढल्या बैठकीत एकमताने नवा दंडक केला की, दरबारात सर्व झाडे भिंतीस टेकवून मांडावी आणि प्रदक्षिणेस मनाई असावी.

तात्पर्य इतकेच. एकशे एकसष्ट फेरे कापिले, परंतु सरदार सर्व सुखरूप आहेत, शपथही पूर्ववत घेतात. वड गोदावरीबाईंनी नदीवर, जुना वड होता त्या बाजूस, आपल्या हाताने जमिनीत लाविला. तार निघाली नाही, ती खोडाने गिळली. हैबतराव रोज सकाळी कात्री खिशात घालून तेथे जातात, झाडाच्या सर्व बाजूंनी हिंडतात, आणि परत येतात. हा तिसरा पावसाळा. कात्री आता शेंड्यास पोहोचत नाही.